पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना संशोधनाचं काम कुठे आणि कसं मिळतं?

लंबक यांचा प्रश्न

नमस्कार. मी भौतिकशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे संशोधनातच जायचं असं मनात आहे, पण संशोधन करणारी माणसं सकाळी कामाला बसल्यावर संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतात, हे मला अजून ठाऊक नाही. आमची प्रॅक्टिकल्स होतात, मन लावून करतोही. पण त्यांत उत्तर आधीच ठरलेलं असतं. लंबक हलवा, दोलनकाळ मोजा, गुरुत्वत्वरण ९.८ च्या आसपास आलं की जर्नलवर सही. मागच्या सत्रात माझं ९.२ आलं. ते तसं का आलं हे विचारायचं होतं, पण पुढची बॅच दारात उभी होती.

अडचणी सांगतो. आमच्याकडे फक्त शिकवणं होतं, संशोधनाची लॅब नाही. माझे गुण बरे आहेत, पण वर्गात पहिल्या पाचांत मी नाही. सुट्टीत मला शिकवण्या घेऊन थोडं कमवावं लागतं, त्यामुळे दोन महिने फुकट कुठे राबणं जमणार नाही. एक मित्र म्हणतो, एकच मेल तयार कर आणि शंभर प्राध्यापकांना पाठव, दोघं तरी उत्तर देतातच. दुसरा म्हणतो, पदवीच्या मुलांना कुणी खरं काम देत नाही, बाटल्या धुवायला लावतात, त्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास कर.

ज्यांनी पदवीला असताना असं काम केलंय किंवा विद्यार्थ्यांकडून करून घेतलंय, त्यांनी कृपया सांगावं. सुरुवात कुठून करू?

---

रूपविकारी यांचं उत्तर

लंबक, विद्यार्थी आहेस म्हणून अरे-तुरे करते. मी रूपविकारी ताऱ्यांवर काम करते, म्हणजे ज्यांची तेजस्विता कमी-जास्त होत राहते असे तारे. आमच्या गटात पदवीचे एक-दोन विद्यार्थी नेहमी असतात आणि त्यांचे अर्ज वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

शंभर जणांना एकच मेल पाठवू नकोस. तो मेल पहिल्या ओळीत ओळखू येतो. ‘आपल्या संशोधनक्षेत्रात मला विशेष रुची आहे’ असं लिहिलेलं असतं आणि क्षेत्र कोणतं ते पूर्ण मेलभर कुठेच नसतं. त्याला उत्तर जात नाही, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही विचारलेलंच नसतं. विद्यार्थ्याला वाटतं आपले गुण कमी पडले. गुणांपर्यंत कुणी पोचलेलंच नसतं.

तू लॅब शोधतो आहेस, मित्र पत्ते शोधतोय. तुम्ही शोधायला हवं कुणाचं तरी चालू असलेलं काम. प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर असे दोन-चार तुकडे पडून असतात जे महत्त्वाचे आहेत, पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारे आहेत आणि ज्यांना हात लावायला त्या संशोधकाला फुरसत नाही. जाहिरात निघते ती फार थोड्या तुकड्यांची. बाकीचे, समोर योग्य माणूस येऊन प्रश्न विचारतो तेव्हा आठवतात.

‘पदवीच्या मुलांना खरं काम देत नाहीत’ यावर एक उदाहरण देते. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या तिघांनी दिली: मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते आणि या कामाची सुरुवात त्यांच्या बी.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये झाली होती. २००६ मध्ये त्याला संगणकशास्त्राच्या सिद्धांतातला गोडेल पुरस्कार मिळाला. ही गोष्ट सांगताना लोक ‘केवढी हुशार मुलं’ म्हणून थांबतात. मागे जाऊन बघ. अग्रवाल आणि सोमनाथ बिस्वास यांनी १९९९ मध्येच या प्रश्नाकडे नव्या बाजूने बघणारा पेपर लिहिला होता. नंतर आदल्या बॅचमधल्या दोघा विद्यार्थ्यांनी आपल्या प्रोजेक्टमध्ये तो धागा पुढे नेला. मग तो या दोघांच्या हाती आला. त्यांची हुशारी मी कमी लेखत नाही, पण ती लागू पडायला समोर एक चालू काम होतं आणि त्याची राखण करणारा गाइड होता.

रोज काय करतात हेही तू विचारलंस, तर आमच्याकडचं एक काम जवळून दाखवते. टेस नावाची अवकाश दुर्बीण २०१८ पासून आकाशाचे मोठमोठे पट्टे पाळीपाळीने बघते, एका पट्ट्यावर सुमारे २७ दिवस. तिच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, कुणीही उतरवून घ्याव्यात. आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीला मी एका ताऱ्याचा प्रकाशवक्र दिला, म्हणजे त्याची तेजस्विता वेळेबरोबर कशी बदलते त्याचा आलेख. त्यात ठरावीक अंतराने बारीक खड्डे पडत होते, जणू एखादा ग्रह समोरून जातोय. तिने पहिल्या आठवड्यात आवर्तनकाळ काढला, आलेख सुरेख केला. मी विचारलं, हे खड्डे याच ताऱ्याचे कशावरून?

आता यातली मेख. टेसचा एक पिक्सेल आकाशातला २१ विकलांचा चौकोन व्यापतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). जमिनीवरच्या चांगल्या दुर्बिणीतून त्याच चौकोनात कधी कधी चार-पाच तारे सुटे दिसतात. टेसला ते सगळे मिळून एकच ठिपका. म्हणून तिने एकत्रित बेरीज बाजूला ठेवली आणि त्या ताऱ्याभोवतीच्या प्रत्येक पिक्सेलचा वेगळा वक्र काढला. कागदावर छोट्या छोट्या आलेखांची जाळी तयार झाली. खड्डे सर्वांत खोल होते ते मधल्या चौकोनात नव्हे, तर खाली डाव्या कोपऱ्यात. तिथे एक अंधूक तारा होता. तो ताराच जोडतारा होता, त्यातला एक दुसऱ्याला झाकत होता आणि त्याची सावली आमच्या ताऱ्याच्या हिशोबात मिसळत होती. ग्रह नव्हताच.

हे कळायला तिला काही आठवडे लागले. ती नाराज झाली, पण आमच्या यादीतून एक खोटा दावेदार निघाला आणि तीच तपासणी मग आम्ही उरलेल्या सगळ्या ताऱ्यांना लावली. आजही गटात कुणी नवीन आलं की तिचा तो कोड चालवूनच सुरुवात करतं. खरं काम म्हणतात ते हे. बाटल्या धुण्याबद्दल म्हणशील, तर जीवशास्त्र-रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये बाटल्या सगळेच धुतात, पीएचडीवालेही. नीट न धुतलेल्या बाटलीमुळे महिन्याचं काम वाया जातं, हे तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात समजतं.

तुझं ते ९.२ मात्र मला महत्त्वाचं वाटलं. ते सोडू नकोस. दोलनकाळाचं जे सूत्र आपण वापरतो ते लहान झोक्यासाठी आहे. ४० अंशांचा झोका दिलास तर दोलनकाळ सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो आणि त्यावरून काढलेलं मूल्य ९.२ च्या आसपासच येतं. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्याऐवजी वरच्या टोकापर्यंत मोजली तरी मूल्य खाली येतं. तुझ्या बाबतीत काय झालं ते तूच शोध: ५, १०, २०, ३०, ४० अंशांवर दोलनकाळ मोज आणि आलेख काढ. मूल्य कोनाबरोबर घसरत गेलं तर झोका दोषी. सगळीकडे सारखंच कमी आलं तर लांबी तपास. उत्तर आधी माहीत नसताना दोन शक्यता वेगळ्या कशा करायच्या, याची सवय यातून लागते आणि त्याला तुझं नेहमीचं प्रॅक्टिकलचं टेबल पुरतं.

सुरुवात अशी कर. तुला ओढ असलेल्या विषयातला अलीकडचा एक पेपर घे. पहिल्यांदा फक्त सारांश, आकृत्या आणि शेवटचा भाग वाच. गणितात अडकून बसू नकोस, पहिल्या वाचनात आम्हीही बसत नाही. मग त्यातली एक आकृती निवड, जिच्यामागच्या नोंदी खुल्या आहेत, आणि ती स्वतः काढून बघ. खगोलशास्त्रात टेस, केप्लर, गाया या अवकाश दुर्बिणींच्या नोंदी खुल्या आहेत. कणभौतिकीत सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेने २०१४ पासून खुलं भांडार ठेवलं आहे. जीवशास्त्रात प्रथिनांच्या रचनांची प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून आहे. तुझी आकृती त्यांच्यासारखी आली तर उत्तम. नाही आली तर आणखी उत्तम, कारण आता तुझ्याकडे विचारायला खराखुरा प्रश्न आहे. असा मेल मी कधीही अनुत्तरित ठेवलेला नाही, पाठवणाऱ्याचे गुण कितीही असोत.

मेल कुणाला, तर शक्यतो गटप्रमुखाला नको. पेपरच्या पहिल्या नावाला लिही. आमच्या विषयात ते बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर काही वर्षं गटात काम करणाऱ्याचं) असतं, तो कोड त्यानेच लिहिलेला असतो आणि मदतीची गरजही त्यालाच जास्त असते. सकारात्मक उत्तर आलं की मग प्रमुखांची रीतसर परवानगी.

ठरावीक कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. एमआयटीने १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने यूरॉप हा कार्यक्रम सुरू केला. पदवीच्या विद्यार्थ्याने चालू संशोधनात सामील व्हायचं, त्याबद्दल मानधन किंवा श्रेयांक घ्यायचे, अशी ती कल्पना. पुढे अनेक विद्यापीठांनी ती उचलली. अमेरिकेच्या एनएसएफचा, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेचा, आरईयू हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी १९८७ पासूनचा कार्यक्रम, पण त्या पैशावर फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी घेता येतात. सर्नच्या उन्हाळी कार्यक्रमाला तीन वर्षांचं शिक्षण झालेलं लागतं, मात्र तिथली व्याख्यानं ऑनलाइन सगळ्यांना खुली असतात, ती तू आजही ऐकू शकतोस. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. अर्ज जरूर कर, पण पात्रतेच्या अटी आधी वाच आणि तारखा कित्येक महिने आधी संपतात हे ध्यानात ठेव. एवढ्यावरच विसंबू नकोस. तिथे जागा कमी आणि गुणांची चाळणी आधी लागते.

---

जुनी_फाइल यांचं उत्तर

वरचं उत्तर वाचून राहवलं नाही. हा धागा वाचणारे सगळे विज्ञानाचे नसतील, म्हणून इतिहासाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे विद्यार्थ्यांना वाटतं की संशोधन म्हणजे मोठ्या विषयावर मोठा निबंध. पदवीच्या मुलाने ‘समाजसुधारणेचा इतिहास’ घेऊन बसू नये. त्याने एक पेटी घ्यावी, एक वही, एक बंद पडलेलं मासिक.

माझ्या एका विद्यार्थ्याने असंच एक मासिक घेतलं. ग्रंथालयाने अंक स्कॅन करून ठेवले होते, पण सूची नव्हती. त्याने फक्त वाचकांच्या पत्रांचा तक्ता केला: अंक, पत्रलेखकाचं नाव, गाव, विषय, संपादकांनी उत्तर दिलं का. कंटाळवाणं काम होतं, मीही त्याला तसं आधीच सांगितलं होतं. तक्ता अर्धा झाल्यावर त्याने गावं नकाशावर टाकली. ती जवळजवळ सगळी रेल्वेच्या एका मार्गाच्या आजूबाजूला होती. मासिक सगळीकडे वाचलं जात होतं असं संपादकीयात लिहिलेलं. पत्रं वेगळंच सांगत होती. अंक टपालाने जिथवर वेळेत पोचत होता, तिथवरच त्याचा वाचक लिहिता होता. ही गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती, ती त्या तक्त्यातून वर आली.

ग्रंथपालांना भेटा, हे आवर्जून सांगतो. कोणत्या संग्रहाची सूची झालेली नाही, कोणती कागदपत्रं कुणी वर्षानुवर्षं मागितलेली नाहीत, हे त्यांना तोंडपाठ असतं. प्राध्यापकांपेक्षा त्यांच्याकडून विषय लवकर मिळतो.

आणि मुलाखती घेऊन काम करायचं असेल तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्यावी लागते. समोरच्याला कामाचा हेतू सांगून लेखी संमती घ्यायची, रेकॉर्डिंग कुठे राहील आणि कोण ऐकेल ते सांगायचं, मधूनच थांबायचा हक्क त्याला आहे हेही सांगायचं. या परवानगीला वेळ लागतो. एका सत्राचा प्रोजेक्ट असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. मुलाखती आधी आणि परवानगी नंतर, असं चालत नाही. ती माहिती मग वापरता येत नाही आणि ज्यांनी विश्वासाने तास दोन तास दिले त्यांचं बोलणं वाया जातं.

---

तळटीप यांचं उत्तर

मी नियतकालिकांच्या संपादनाचं काम करते. एका गोष्टीची धास्ती वाटते म्हणून लिहितेय.

‘पैसे भरा, आठवड्यात पेपर छापून देतो’ किंवा ‘शुल्क भरा, घरबसल्या रिसर्च इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घ्या’ असे मेल पदवीच्या विद्यार्थ्यांना सर्रास येतात. सीव्हीत एक ओळ वाढते म्हणून मुलं पैसे भरतात, तेही ज्यांना पैसे जड आहेत तीच जास्त. कृपया भरू नका. अर्ज वाचणाऱ्या संशोधकाला आपल्या विषयातली नियतकालिकं माहीत असतात आणि असं नाव दिसलं की बाकीच्या चांगल्या ओळींवरही शंका येते. खुल्या नियतकालिकांपैकी कोणतं नीट चालवलेलं आहे हे बघायला डीओएजे नावाची सूची आहे, तिथे शोधा. काही चांगली नियतकालिकंही लेखकांकडून शुल्क घेतात, हे खरं. पण ते काम स्वीकारल्यावर घेतात, परीक्षण खरोखर होतं आणि ते शुल्क गट किंवा संस्था भरते. विद्यार्थ्याने खिशातून भरायचं नसतं.

दुसरं, नावाबद्दल. काम केलं म्हणजे पेपरवर नाव येईलच असं नाही, आणि नाव येत नाही म्हणजे फसवलं असंही नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कामाच्या कल्पनेत, नोंदी जमवण्यात किंवा त्यांच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा गंभीरपणे सुधारणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी घेणं. इतर विषयांत नियम थोडे वेगळे असतात. अटी पूर्ण होत नसतील तर आभारात नाव यावं, आणि तेही लेखी असतं, दाखवता येतं. हे सगळं काम सुरू करतानाच गाइडला विचारा. ‘माझ्याकडून काय झालं तर माझं नाव लेखकांत येईल?’ असं सरळ विचारणं उद्धटपणा नाही. चांगला गाइड या प्रश्नाने खूश होतो.

---

लंबक यांचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात दोन गोष्टी केल्या. लंबक पुन्हा घेतला: लहान कोनांवर ९.७८ येतंय आणि कोन वाढवत नेला की मूल्य उतरत जातं. म्हणजे झोकाच. आमच्या सरांना आलेख दाखवला, त्यांनी तो पुढच्या बॅचसाठी प्रॅक्टिकलच्या खोलीत लावलाय.

मग रूपविकारी मॅडमनी सांगितलं तसं टेसच्या नोंदी उतरवल्या आणि आरआर लायरी या ताऱ्याचा प्रकाशवक्र काढला. आवर्तनकाळ ०.५६७ दिवस आला. पण शिखरं सारख्या उंचीची नाहीत, हळूहळू बदलत जातात. माझ्या कोडमध्ये चूक आहे का, कळत नाही.

याच विषयावरच्या एका पेपरच्या पहिल्या लेखकांना लिहायचं ठरवलंय. मेलचा मसुदा खाली देतो, बघाल का?

‘आदरणीय सर, मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असून मला लहानपणापासून खगोलशास्त्राची आवड आहे. आपले कार्य अत्यंत प्रेरणादायी आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपला ऋणी राहीन. मी कोणतेही काम करण्यास तयार आहे. सोबत सीव्ही जोडला आहे. तसेच मी आरआर लायरी या ताऱ्याचा प्रकाशवक्र काढला असून त्यातील शिखरांची उंची सारखी का नाही हे कळले नाही.’

आणि सुट्टीतल्या शिकवण्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. तो मेलमध्ये लिहावा की नाही?

---

रूपविकारी यांचं उत्तर

लंबक, तुझा कोड बरोबर आहे. तू जे बघतो आहेस त्याला ब्लाझ्को परिणाम म्हणतात. सर्गेई ब्लाझ्को यांनी १९०७ मध्ये असा बदल दुसऱ्या एका ताऱ्यात नोंदवला. आरआर लायरीत शिखरांची ही चढउतार सुमारे ४० दिवसांत एक फेरा पूर्ण करते. ती का होते याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही. म्हणजे पहिल्याच आलेखात तू अशा ठिकाणी पोचलास जिथे शंभरावर वर्षं लोक उभे आहेत. मला फार आनंद झाला हे वाचून, खरंच सांगते.

टेसच्या २७ दिवसांत हा फेरा पुरा मावत नाही. केप्लरने मात्र २००९ ते २०१३ आकाशाच्या एकाच तुकड्यावर नजर ठेवली होती आणि आरआर लायरी त्या तुकड्यात होता. त्या नोंदीही खुल्या आहेत. त्या उतरव आणि फेऱ्यामागून फेरे मोज. प्रत्येक फेरा तेवढ्याच दिवसांचा आणि तेवढ्याच उंचीचा येतो का, हे बघ. मेल त्यानंतर पाठवलास तरी चालेल.

आता मसुदा. त्यातलं शेवटचं वाक्य ठेव, बाकी सगळं काढ. आवड, प्रेरणा, ऋण या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यातून आपोआप दिसतात. ‘कोणतेही काम’ तर मुळीच लिहू नकोस. कोणतंही काम करायला तयार असलेल्या माणसाला द्यायला कुणाकडे काम नसतं, नेमकं काम करू शकणाऱ्याला असतं. मी असा लिहिला असता:

‘नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टेसच्या खुल्या नोंदींवरून आरआर लायरीचा प्रकाशवक्र काढला. आवर्तनकाळ ०.५६७ दिवस आला, तो प्रसिद्ध मूल्याशी जुळतो. शिखरांची उंची बदलताना दिसते, पण एका पट्ट्याच्या नोंदीत ब्लाझ्कोचा पूर्ण फेरा मावत नाही. म्हणून केप्लरच्या नोंदी घेतल्या. आता दोन्ही दुर्बिणींच्या नोंदी एका मापावर आणायच्या आहेत आणि तिथे अडलो आहे. तुमच्या पेपरमध्ये तुम्ही वेगवेगळ्या दुर्बिणींच्या नोंदी जोडल्या आहेत. ते कसं केलंत, हे समजून घ्यायला आवडेल. तुमच्या गटात यातला एखादा छोटा भाग मला करण्यासारखा आहे का? सत्र चालू असताना आठवड्याला सहा तास नियमित देऊ शकतो. आलेख जोडला आहे, कोड मागाल तेव्हा पाठवतो.’

वेळेबद्दलचं ते वाक्य मुद्दाम घातलं आहे. तुझ्या शिकवण्यांचं उत्तर त्यातच आहे. असलं काम संगणकावर होतं, त्याला सुट्टीत दोन महिने गाव सोडून राहावं लागत नाही. आठवड्याला सहा तास सलग दोन सत्रं देणारा विद्यार्थी मला, सुट्टीत दोन महिने दिवसभर बसून मग दिसेनासा होणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. शिकवण्यांचा उल्लेख मेलमध्ये नको, पण पहिल्या बोलण्यात स्पष्ट सांग की सुट्टीत मला कमवावं लागतं. अनेक गटांकडे विद्यार्थी-मदतनीसासाठी थोडी तरतूद असते, पण गरज आहे हे कळल्याशिवाय ती कुणी काढत नाही. आणि फुकट दिवसभर राबवायचं कुणी म्हणालं तर नाही म्हण, त्यात कमीपणा नाही.

तुमच्या सरांनी तो लंबकाचा आलेख लावला ना, त्यांनाच शिफारसपत्र मागायचं. तू उत्तर चुकल्यावर काय केलंस हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मागताना त्यांना तो आलेख, तारीख आणि ज्यासाठी अर्ज करतोस त्याची माहिती एका कागदावर दे, आणि शेवटच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी दे.

---

लंबक यांचं उत्तर

मॅडम, केप्लरच्या नोंदी उतरवायला लावल्या आहेत. एक शेवटचं: उत्तर आलं नाही तर किती दिवस थांबायचं? आणि तोवर दुसऱ्या कुणाला लिहिलं तर चालतं का?

---

रूपविकारी यांचं उत्तर

दहा-बारा दिवस थांब. मग त्याच मेलच्या धाग्यात दोन ओळींची एकच आठवण कर, आणि मधल्या काळात केप्लरच्या नोंदींत जे नवीन दिसलं असेल ते एका वाक्यात घाल. त्यावरही उत्तर नाही आलं तर समज की त्यांना वेळ नाही. दुसऱ्याला बिनधास्त लिही, फक्त त्याचा पेपर वाचून आणि त्याच्या कामाबद्दलचा प्रश्न विचारून. एकाच गटातल्या दोघांना एकाच वेळी लिहू नकोस, ते शेजारी शेजारी बसतात.

आलेख मेलमध्ये चित्र म्हणून जोड, दुवा देऊ नकोस. अनोळखी पत्त्यावरून आलेले दुवे बरेच जण उघडत नाहीत. अक्षांवर एकके लिहिली आहेत ना, तेवढं पाठवण्याआधी बघून घे.